नेरूळच्या जुन्या फ्लॅटमधला जंक्शन बॉक्स वायरींनी खच्चून भरलाय, झाकणही नीट बसत नाही, काय करावं?

नेरूळची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण प्लीज वाचा, कारण मी उगाच घाबरतेय की खरंच घाबरायला हवं हेच मला कळत नाहीये.

आईचा नेरूळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे, बाबांनी १९८९ मध्ये घेतलेला. वायरिंग बरंचसं तेव्हाचंच, फक्त जुने चिनीमातीचे किटकॅट फ्यूज काढून मधे कधीतरी एमसीबीचा (जादा करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) डबा बसवलाय. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते, मी ऐरोलीला. गेल्या दोन वर्षांत आम्ही तिच्या बेडरूममध्ये दीड टनाचा एसी लावला आणि बाथरूममध्ये दोन किलोवॅटचा गीझर. दोन्ही कामं कॉलनीतल्याच एका इलेक्ट्रिशियनने केली.

आता झालं असं की गेला महिनाभर सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला पॅसेजमध्ये सुकट भाजल्यासारखा वास येतोय. आईला वाटलं खालच्या काकू डब्यासाठी काहीतरी करत असतील, त्यामुळे तिने लक्षच दिलं नाही. मग श्रावण लागला. खालच्या काकू श्रावण कडक पाळतात, आणि वास तर तसाच. तेव्हा आईने मला फोन केला.

शनिवारी गेले, मेन स्विच बंद केला, स्टूल घेतलं आणि बाथरूमच्या दाराच्या वर जो चौकोनी जंक्शन बॉक्स आहे, म्हणजे वायरी एकमेकींना जोडायचा डबा, त्याचं झाकण उघडलं. झाकणाचे स्क्रू मूळचे नाहीत, लांब लांब टाकलेत, कारण साध्या स्क्रूने झाकण बसतच नसणार. दोन स्क्रू सोडले तसं झाकण आपोआप पुढे आलं, आत वायरी इतक्या दाबून भरल्यात की स्प्रिंगसारखं झालंय. बॉक्स पत्र्याचा, तीन बाय तीन इंच, खोली दोन इंच असेल नसेल. मी मोजल्या, १७ वायरी आहेत. लाल, काळ्या, दोन हिरव्या, एक पिवळी. सगळे जॉइंट पिळून वर टेप गुंडाळलेले, आणि त्यातला एक काळ्या वायरींचा गोळा आहे त्याची टेप चॉकलेटी पडून तिचा गोंद चिक्कीच्या पाकासारखा ओघळून खाली सुकलाय. झाकणाच्या आतल्या बाजूला बरोबर त्या जागी तपकिरी डाग.

इलेक्ट्रिशियनला फोटो पाठवला तर तो म्हणतो "ताई टेन्शन नका घेऊ, वायरी जास्त असल्या की बॉक्स असाच दिसतो, एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल की तो". एमसीबी आजवर एकदाही पडलेला नाही हेही खरं.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. एमसीबी पडत नाहीये म्हणजे सगळं ठीक आहे असं धरायचं का? नुसता मोठा बॉक्स लावून भागेल की पूर्ण वायरिंग बदलावं लागेल? आणि सोसायटी भिंत फोडायला परवानगी देत नाहीये, त्यावर काही उपाय आहे का?

कळव्याचा_वायरमन

ताई, पहिलं काम, उत्तर वाचायच्या आधी आईंना फोन करून सांगा की गीझर आणि एसी दोन्हीचे एमसीबी खाली पाडून ठेवा, आत्ताच. पंखे-दिवे चालू राहू देत, पण त्या बॉक्समधून जाणारं जड काहीही चालवू नका. बाकीचं मग बोलू.

आयटीआय करून बत्तीस वर्षं झाली मला या लायनीत, वायरमन परमिट आहे, कळवा, ठाणे, ऐरोली या पट्ट्यात कामं केली. तुम्ही लिहिलेला तो वास मला चांगला माहितीये. वायरचं कोटिंग, होल्डर, सॉकेटचं काही प्लास्टिक तापायला लागलं की सुरुवातीला बरेचदा जळका वास येत नाही, मासळीसारखा येतो, आणि आपल्याकडे घराघरात मासळी शिजते म्हणून लोक महिनेच्या महिने अंगावर काढतात. श्रावणामुळे तुमच्या लक्षात आलं हे फार बरं झालं.

आता एमसीबीचं. तुमच्या इलेक्ट्रिशियनसारखंच बोलणारे खूप भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एमसीबीला फक्त करंट कळतो. किती अँपिअर आपल्यातून जातायत ते तो बघतो, ठरलेल्यापेक्षा बराच वेळ जास्त गेले की पडतो, आणि शॉर्टसर्किट झालं की झटक्यात पडतो. पुढे कुठल्यातरी बॉक्समध्ये ढिला जॉइंट तापतोय हे त्याला कळायची सोयच नाही. हिशोब करून बघा. समजा जॉइंट ढिला आहे आणि तिथे पाव ओहमचा अडथळा तयार झालाय. त्यातून दहा अँपिअर गेले तर दहाचा वर्ग शंभर, गुणिले पाव, म्हणजे २५ वॅटची उष्णता त्या एका गाठीत. रेडिओ दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटचीच असते हो! ती इस्त्री पेटवून बंद डब्यात वायरींच्या मधोमध ठेवल्यासारखं झालं. आणि दहाच अँपिअर आहेत म्हणून २० चा एमसीबी शांत बसलेला असतो. साध्या पीव्हीसी वायरचं कोटिंग ७० डिग्रीपर्यंतचं असतं, त्याच्यावर रोज रोज गेलं की ते कडक होतं, तडकतं, आणि शेजारच्या वायरीचंही तेच होतं.

बॉक्स भरलेला असला की दोन गोष्टी वाईट होतात. हवेला जागाच नाही म्हणून उष्णता बाहेर पडत नाही, ही एक. आणि दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, झाकण दाबून लावताना पिळलेले जॉइंट हलतात. माणूस खाली जॉइंट छान करतो, मग अंगठ्याने सगळं आत कोंबतो, तेव्हाच तो ढिला होतो, आणि ते कुणाला दिसत नाही.

एक विचारायचं होतं. जळालेला गोळा काळ्या वायरींचा म्हणालात, जुन्या कामात काळी म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी वायर (करंट आणणारी ती फेज). एसीची न्यूट्रल आणि गीझरची न्यूट्रल डीबीपासून (एमसीबीच्या डब्यापासून) वेगवेगळी आणली आहे की त्याच काळ्या गोळ्यात जोडली आहे? आणि घरात आरसीसीबी आहे का? करंट अर्थमधून गळला की पडणारा स्विच, टेस्टचं बटण असलेला, एमसीबीपेक्षा रुंद.

अजून एक, रागवत नाही पण सांगतो, नुसता घरातला मेन बंद करून परत बॉक्समध्ये हात घालू नका. जुन्या डब्यात मेन एकाच पोलचा असू शकतो, म्हणजे दोनपैकी एकच वायर तोडणारा, फेज-न्यूट्रल कुणी उलटी केली असली तर बंद करूनही वायर जिवंत राहते. आधी टेस्टलॅम्प लावून बघायचं, मगच बोट.

नेरूळची_लेक

काका, फोन केला, दोन्ही बंद केलेत. आई आता चुलीसारखं गॅसवर पाणी तापवतेय, म्हणाली आधी हेच करायचो की.

आरसीसीबी होता! तीन वर्षांपूर्वी माझ्या आग्रहाने बसवला होता. एसी लावल्यावर तो सारखा पडायला लागला, पावसाळ्यात तर दिवसातून चार वेळा, मग त्याच इलेक्ट्रिशियनने "हा खराब आहे, उगाच त्रास देतो" म्हणून काढून सरळ जोडून दिलं. न्यूट्रलचं मला सांगता येणार नाही, पण एसी लावताना त्याने डीबीपासून एकच नवीन लाल वायर ओढली होती हे आईला आठवतंय कारण उरलेलं लाल बंडल अजून माळ्यावर आहे. काळं बंडल आणलेलंच नव्हतं.

कळव्याचा_वायरमन

मग तिथेच आहे मेख. फेज नवीन ओढली, एमसीबी नवीन लावला, आणि न्यूट्रल मात्र बॉक्समधल्या जुन्या दिव्या-पंख्याच्या न्यूट्रलमधून उचलली. गीझरलाही बहुतेक तेच केलंय. वायर वाचते, पाइपात ओढायचा त्रास वाचतो.

त्याने काय होतं बघा. दीड टनाचा एसी साडेसात-आठ अँपिअर घेतो, दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊ. दोघांचे एमसीबी वेगळे, प्रत्येकाला आपापला आठ-नऊच दिसतो, दोघेही खूश. पण परतीचा रस्ता एकच, त्या काळ्या वायरीवर बेरीज होते, सोळा-सतरा अँपिअर, वर पंखे-फ्रिजचे. ती वायर १९८९ ची दिव्याची, फार तर दीड एमएम (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर). आपल्या उकाड्यात पाइपातल्या दीड एमएमची पंधराएक अँपिअर धरा, आणि एका पाइपात तीन सर्किटं असली तर एकमेकांच्या उष्णतेमुळे ती क्षमता सुमारे ७० टक्क्यांवर येते, म्हणजे दहा-अकरा. त्यावर सतरा. आणि न्यूट्रलवर एमसीबी बसवलेला नाही, म्हणजे हा जादा करंट पकडणारं घरात कुणीच नाही.

आई रात्रभर एसी लावतात आणि पहाटे उठून गीझर, बरोबर? म्हणून वास साडेसहाला.

वाशी_सेक्टर_नऊ

माफ करा पण मला हे जरा जास्त वाटतंय. आमच्याकडे १९८५ पासून असेच टेप मारलेले जॉइंट आहेत, प्रत्येक जुन्या घरात आहेत, चाळीस वर्षांत काही झालं नाही. मॅडमना घाबरवून पूर्ण घर रिवायर करायला लावाल, लाखभर रुपये जातील. जळालेला जॉइंट कापून नवा करा, जाडी टेप मारा, झालं.

कळव्याचा_वायरमन

दादा, १९८५ ला तुमच्या घरात काय काय चालायचं ते आठवून बघा. तीन पंखे, चार ट्यूबलाइट, एक फ्रिज, टीव्ही आणि इस्त्री. पूर्ण घर मिळून पाच-सहा अँपिअर, तेही इस्त्री लावली तर. जॉइंटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट तिप्पट झाला की उष्णता नऊपट. तोच जॉइंट, तीच टेप, काल टिकली म्हणून आज टिकेल असं नाही धरता येत. आणि तुम्ही तर वाशीला, खाडीच्या हवेत तांबं किती लवकर काळं-हिरवं पडतं हे तुम्हाला मी काय सांगू. त्या काळात काही बिल्डिंगींत अॅल्युमिनियमच्या वायरीही टाकल्यात, त्याला कुणी नंतर तांब्याची वायर पिळून जोडली असेल तर तो जॉइंट अजून लवकर ढिला होतो, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि दाबाखाली ते हळूहळू सरकतं. तुमच्या घरी पण एक झाकण उघडून बघा, विनंती आहे.

पूर्ण रिवायरिंग कुणी सांगितलेलं नाही. पण नुसता जॉइंट परत करून, परत त्याच बॉक्समध्ये कोंबून, सतरा अँपिअर त्याच वायरीतून पाठवायचे हे मी माझ्या आईच्या घरी करणार नाही.

ठाणेकर_न्यूजर्सीत

मूळचा नौपाड्याचा, सध्या इकडे. मी इलेक्ट्रिशियन नाही पण बॉक्स भरण्याच्या नियमाने मला चांगला धडा मिळालाय म्हणून लिहितो. इथे बेसमेंटमध्ये दोन नवीन पॉइंट काढून घेतले, काम दिसायला एकदम स्वच्छ होतं, जॉइंट उत्तम, तरी इन्स्पेक्टरने नापास केलं. कारण काय तर बॉक्स लहान. मला तेव्हा राग आला होता, नंतर नियम वाचला तेव्हा पटलं.

अमेरिकेच्या कोडमध्ये प्रत्येक वायरीमागे बॉक्समध्ये किती जागा पाहिजे ते ठरवून दिलंय. १४ गेजच्या प्रत्येक वायरीला २ घन इंच, १२ गेजच्या वायरीला २.२५, १० गेजला २.५. १४ गेज म्हणजे आपल्या दोन एमएमच्या आसपास, १२ गेज म्हणजे सव्वातीन एमएम. स्विच किंवा सॉकेट त्याच बॉक्सवर बसवला असेल तर तो दोन वायरींएवढा मोजायचा. अर्थच्या वायरी चारपर्यंत असतील तर सगळ्या मिळून एक धरतात.

आता ताईंचा बॉक्स. तीन गुणिले तीन गुणिले दोन, १८ घन इंच. सगळ्या वायरी १२ गेजच्या जवळपासच्या धरल्या तर १८ भागिले २.२५, आठ वायरी. त्यांच्याकडे १७ आहेत. अर्थच्या दोन हिरव्यांना एक धरलं तरी १६. म्हणजे बरोबर दुप्पट, आणि त्यात एसीसाठी चार एमएम वापरली असेल तर त्याहून जास्त. अमेरिकेचा नियम नेरूळला लागू नाही हे मान्य, पण तांब्यातून वीज गेल्यावर ते इथेही तसंच तापतं आणि तिथेही, त्यामुळे अंदाजाला हा हिशोब बरा पडतो.

अजून एक नियम मला फार आवडला. कुठलाही जंक्शन बॉक्स भिंत किंवा छत न फोडता उघडता आलाच पाहिजे. प्लास्टरखाली गाडलेला जॉइंट चालतच नाही. ठाण्याच्या आमच्या घरी गेल्या वेळी पीओपी केलं तेव्हा तीन बॉक्स छताच्या वर कायमचे गेले, आता ते कुठे आहेत हे कुणालाच माहीत नाही, आणि बाबा तिथेच राहतात. हे वाचल्यापासून माझं लक्ष लागत नाहीये.

घोडबंदर_सेक्रेटरी

तुमच्या पीओपीच्या मुद्द्यावरच लिहायला आलो. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, इमारत नवी, तरी हेच रामायण. मी आठ वर्षं सेक्रेटरी आहे. एका फ्लॅटमध्ये इंटिरियरवाल्याने हॉलमधल्या कोव्ह लाइट, प्रोफाइल लाइट, पंखा, एसी सगळ्यांच्या वायरी एका बॉक्समधून फिरवल्या आणि वरून पीओपी मारलं. मेंबरचा १६ चा एमसीबी पडायचा म्हणून कुणीतरी ३२ चा बसवून दिला, खाली वायर तीच दीड एमएम. एमसीबी पडणं बंद झालं आणि मेंबर खूश, सहा महिन्यांनी पीओपीवर भाकरीएवढा पिवळा डाग उमटला. सुदैवाने बाई घरात होत्या, त्यांनी इंटरकॉम केला, वॉचमनने मीटर रूममधून त्यांचं कनेक्शन बंद केलं. छत कापलं तर आतल्या कनेक्टरचा कोळसा झालेला आणि शेजारी पीओपीच्या फ्रेमचं प्लायवुड काळं पडलेलं. अजून चार दिवस गेले असते तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

त्यानंतर आम्ही नियमच केला. इंटिरियरचं काम करणाऱ्याने छत बंद करायच्या आधी प्रत्येक बॉक्सचा उघडा फोटो सोसायटीला द्यायचा, आणि बॉक्सच्या खाली पीओपीत उघडता येणारी झडप ठेवायची. सुरुवातीला मेंबर चिडले, सिलिंगचा लुक जातो म्हणाले. आता स्वतःच मागतात.

ताई, तुमच्या सोसायटीच्या परवानगीबद्दल सांगतो. भिंत फोडायला नाही म्हणतायत ते एका अर्थी ठीकच आहे, जुन्या इमारतीत आरसीसीला हात लागायला नको. पण वायरिंग भिंतीवरून केसिंग-कॅपिंग पट्टीतून नेता येतं, त्याला परवानगी नाकारायचं कारणच नाही. अर्ज देताना लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट देऊ असं लिहा. कायद्यानेच असं काम राज्याच्या विद्युत निरीक्षक खात्याचं लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून आणि परमिटवाल्या वायरमनकडून व्हायला पाहिजे, १९५६ च्या जुन्या नियमांतही होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि आताच्या २०२३ च्या नियमांतही आहे. कमिटी मग हरकत घेत नाही हा माझा अनुभव.

आणि लोकांना वाटतं महावितरणला कळवलं की झालं. मीटरपर्यंतचं महावितरणचं, मीटरच्या पुढचं सगळं आपलं. बिलावर मंजूर भार छापलेला असतो तोही बघा, एसी-गीझर लावल्यावर तो वाढवून घ्यायला पाहिजे, बहुतेक जण घेत नाहीत.

वाशी_सेक्टर_नऊ

काल रात्री काकांचं ऐकून किचनच्या दारावरचा बॉक्स उघडला. मिक्सर, मायक्रोवेव्ह, आरओ सगळं तिथूनच गेलंय. एका जॉइंटची टेप हाताला लागल्याबरोबर सुटून आली आणि आतलं तांबं काळं. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. मायक्रोवेव्ह बंद ठेवलाय. ताईंचं काम कुणी करतंय ते कळलं तर त्यांनाच बोलवेन.

नेरूळची_लेक

मंडळी, अपडेट देते, उशीर झाला कारण काम काल संध्याकाळी संपलं.

लायसन्सवाले कॉन्ट्रॅक्टर मिळाले, सोबत परमिटवाला वायरमन. त्यांनी आधी बॉक्स न हलवता काळ्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारा चिमटा) लावला आणि मला म्हणाले आता एसी आणि गीझर दोन मिनिटांसाठी चालू करा. मीटरवर १७.२. मी तो आकडा बघतच राहिले, कारण काकांनी कळव्यात बसून बरोबर तेवढाच सांगितला होता. वायर निघाली दीड एमएम. टेप कापली तर आत सहा वायरी एकत्र पिळलेल्या, त्यातल्या दोघींची फक्त टोकं टेकलेली होती, कोटिंग बोटाने दाबलं की बिस्किटासारखं तुटत होतं.

आणि आरसीसीबीचं गूढही उकललं. ते जे लांब स्क्रू टाकले होते त्यातला एक सरळ एका काळ्या वायरीच्या कोटिंगमध्ये घुसून आतल्या तांब्याला टेकला होता, आणि दुसरं टोक पत्र्याच्या बॉक्सला, बॉक्स अर्थला जोडलेला. म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ त्या स्क्रूमधून एक झाले होते. थोडा करंट अर्थमधून परत जात होता म्हणून आरसीसीबी पडत होता. तो खराब नव्हताच, बिचारा रोज सांगत होता की इथे काहीतरी चुकलंय आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं. आईच्या घराची अर्थ दोन वर्षं वीज वाहून नेत होती, आणि गीझरची बॉडी त्याच अर्थला, आई रोज ओल्या हाताने त्याचा नॉब फिरवायची. हे लिहितानाही माझा हात थरथरतोय.

केलेलं काम असं. एसीला डीबीपासून थेट चार एमएमच्या फेज आणि न्यूट्रल आणि वेगळी अर्थ, गीझरलाही तसंच, दोन्ही भिंतीवरून पट्टीतून, मधे एकही जॉइंट नाही. जुन्या बॉक्समध्ये आता फक्त दिवे-पंखे, सात वायरी, आणि तोही बदलून सहा बाय सहाचा भिंतीवर बसवलाय, झाकण चार छोट्या स्क्रूंचं, बोटाने धरलं तरी बसतं. जॉइंटना टेप नाही, लिव्हरवाले कनेक्टर. नवीन आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचा. शेवटी मेगर (वायरींचं कोटिंग तपासायचं यंत्र) लावून तपासलं, टेस्ट रिपोर्टची एक प्रत सोसायटीला दिली, एक डीबीच्या दाराला आतून चिकटवली. मजुरी-सामान मिळून चौदा हजार झाले, लाखभर नाही.

पट्टी जरा दिसते भिंतीवर, आईला आधी आवडली नव्हती. मग वायरमन दादांनी तिला जळालेली वायर दाखवली. ती तिने कागदात गुंडाळून ठेवली आहे, महिला मंडळात दाखवणार म्हणाली, कारण आमच्या विंगमध्ये बाकीच्या घरांतही त्याच इलेक्ट्रिशियनने एसी लावलेत.

काका, एकच प्रश्न राहिला. हॉलचा बॉक्स आम्ही उघडून बघितला, तिथे नऊ वायरी आहेत, जॉइंट टेपचेच पण काळे पडलेले नाहीत. तोही बदलू का?

कळव्याचा_वायरमन

ताई, वाचून जीव भांड्यात पडला. स्क्रूचं लक्षात यायला हवं होतं मला, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं.

हॉलचा बॉक्स घाईचा नाही. त्यावर दिवे-पंखे-टीव्हीच असतील तर दिवाळीच्या साफसफाईत करून घ्या, टेप काढून कनेक्टर लावा, वायरी कापू नका, आहेत तेवढ्या लांब राहू द्या. पण तिथल्या सॉकेटवर इस्त्री किंवा हीटर कुणी लावत असेल तर आधी करा.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा आईंना दाबायला सांगा, खटकन पडला पाहिजे, मग परत वर करायचा. आणि महिना-दीड महिन्याने त्याच वायरमनला बोलवून डीबीतले एसी-गीझरचे स्क्रू एकदा आवळून घ्या, नवीन तांबं स्क्रूखाली थोडं दबतं आणि पकड सैल होते. येताना मीटरपाशीही आवळायला सांगा, मीटरनंतर घराच्या बाजूचा कटआउट (फ्यूजचा डबा) तुमचा आहे, सीलला मात्र हात लावू देऊ नका.

वाशीवाले दादा, मायक्रोवेव्ह बंद ठेवलात ते चांगलं केलंत. किचनचा बॉक्स उघडा ठेवू नका, झाकण लावा, पाणी उडतं.